लहान लेथसाठी ‘विडिया’ची निवड कशी करावी?

भोसरी, अंबड वा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील कोणत्याही लहान कारखान्यात गेल्यास ‘विडिया’ हा शब्द हमखास कानी पडतो. कार्बाइडच्या टूलला टर्नरच्या बोलीत हेच नाव आहे. मूळचे हे एक व्यापारी नाव होय. टंगस्टन कार्बाइड आणि कोबाल्ट यांची भुकटी दाबून, भट्टीत तापवून एकजीव करण्याच्या प्रक्रियेचे पेटंट जर्मनीतील कार्ल श्रोटर यांनी १९२३ मध्ये घेतले. क्रुप कंपनीने १९२७ च्या लाइपझिग येथील व्यापारमेळ्यात हे द्रव्य ‘विडिया’ या नावाने मांडले. ‘वी डायमांट’, म्हणजे ‘हिऱ्यासारखे’, या जर्मन शब्दांचा तो संक्षेप आहे.

पूर्वी कार्बाइडची टिप पोलादी दांड्यावर ब्रेझ करून बसवली जाई व बोथट झाली की ग्राइंडरवर घासली जाई. आता दांड्यावर स्क्रूने बसणारे इन्सर्ट सर्रास वापरले जातात. एक कोपरा झिजला की इन्सर्ट फिरवायचा आणि काम पुढे सुरू करायचे. ही सोय मोठी असली, तरी एक अश्वशक्तीच्या लेथसाठी मोठ्या सीएनसी यंत्राचे इन्सर्ट विकत घेणारे अनेक जण असतात. मग जॉब थरथरतो, कोपरे तुटतात आणि दोष मालाला दिला जातो. वास्तविक, इन्सर्ट निवडताना दुकानातील भावापूर्वी आपल्या लेथची ताकद आणि वेग पाहणे आवश्यक असते.

वेगाचे गणित

कार्बाइड कठीण असते, पण ठिसूळही असते. साध्या पोलादावर त्याचा खरा लाभ मिनिटाला १०० मीटर किंवा त्याहून अधिक कटिंग वेगाला मिळतो. हायस्पीड स्टीलच्या टूलला ३० मीटरच्या आसपासचा वेग पुरतो. २० मिलिमीटर व्यासाचा रॉड १२० मीटर वेगाने कापायचा तर स्पिंडलला मिनिटाला सुमारे १,९०० फेरे घ्यावे लागतात. पट्ट्यावर चालणारा जुना लेथ ८०० फेऱ्यांपर्यंतच जात असेल, तर त्याच रॉडवर वेग जेमतेम ५० मीटर मिळतो. इतक्या कमी वेगाला धातूचे कण धारेला चिकटतात, सुटताना धारेचा तुकडा ओढून नेतात आणि पृष्ठभाग खरबरीत येतो. अशा वेळी तीक्ष्ण धारेचा इन्सर्ट घ्यावा. अन्यथा हायस्पीड स्टीलचे टूलच बरे.

ताकदीचेही असेच आहे. साध्या पोलादावर १ मिलिमीटर खोल कट, ०.१५ मिलिमीटर फीड आणि १२० मीटर वेग घेतल्यास धारेपाशीच सुमारे ०.६ किलोवॅट शक्ती लागते. एक अश्वशक्तीची मोटर त्यासाठी जवळजवळ संपूर्ण खर्ची पडते.

अक्षरांचा अर्थ

इन्सर्टवरील सांकेतिक क्रमांक आंतरराष्ट्रीय मानकानुसार ठरलेला असतो. ‘सीसीएमटी ०९टी३०४’ हे उदाहरण पाहू. पहिला ‘सी’ म्हणजे ८० अंशांचा समभुज आकार. दुसरा ‘सी’ म्हणजे धारेखाली ७ अंशांची मोकळीक. ‘एम’ हा मापातील अचूकतेचा वर्ग, तर ‘टी’ म्हणजे स्क्रूसाठी भोक आणि एका बाजूला चिप तोडणारी खाच. ‘०९’ ही मिलिमीटरमध्ये धारेची लांबी, ‘टी३’ म्हणजे ३.९७ मिलिमीटर जाडी आणि ‘०४’ म्हणजे टोकाची ०.४ मिलिमीटर गोलाई.

लहान लेथसाठी दुसरे अक्षर सर्वांत महत्त्वाचे ठरते. तेथे ‘एन’ असेल, उदाहरणार्थ ‘सीएनएमजी’, तर मोकळीक शून्य असते. असा इन्सर्ट दोन्ही बाजूंनी वापरता येतो व कोपऱ्यामागे स्वस्त पडतो. मात्र तो होल्डरमध्ये पुढे झुकवून बसवावा लागतो आणि कापताना जोर अधिक लागतो. भक्कम यंत्राला तो मानवतो. हलक्या लेथला ७ अंशांचा इन्सर्टच सोयीचा.

टोकाची गोलाई जास्त असली की फिनिश चांगले येते, हे खरे. ०.१ मिलिमीटर फीडला ०.४ गोलाईने उरणाऱ्या रेषांची उंची हिशेबाने सुमारे ३ मायक्रॉन, तर ०.८ गोलाईने त्याच्या निम्मी येते. परंतु मोठी गोलाई जॉबला बाजूला ढकलते. सडपातळ जॉब मग वाकतो व थरथरतो. म्हणून ०.४ पासून सुरुवात करणे इष्ट. बारीक कामाला ०.२ घ्यावी.

ग्रेड आणि लेप

डब्यावरील रंग धातूचा गट सांगतो. निळा ‘पी’ पोलादासाठी, पिवळा ‘एम’ स्टेनलेससाठी, लाल ‘के’ बिडासाठी आणि हिरवा ‘एन’ अॅल्युमिनियम-पितळेसाठी. अक्षरापुढील आकडा लहान असेल तर इन्सर्ट अधिक कठीण, मोठा असेल तर अधिक चिवट. स्थिर, वेगवान यंत्राला पी१० चालतो. लहान लेथवर पी२५ ते पी३५ सुरक्षित. अॅल्युमिनियमसाठी लेप नसलेला, घासून तीक्ष्ण व चकचकीत केलेला ‘सीसीजीटी’ इन्सर्ट उत्तम. कमी ताकदीच्या लेथवर पोलादाच्या हलक्या फिनिश कटलाही तो उपयोगी पडतो.

खरेदी आणि वापर

पहिला होल्डर घेताना तो टूल पोस्टमध्ये बसतो का, हे मोजून पाहावे. ‘एससीएलसीआर १२१२ एफ०९’ हा १२ मिलिमीटर चौरस दांड्याचा होल्डर टर्निंग आणि फेसिंग दोन्ही करतो. त्याहून लहान लेथसाठी १० मिलिमीटर दांडा आणि ०६ मापाचा इन्सर्ट असतो. अनेक आकारांचा स्वस्त संच घेण्यापेक्षा सहज मिळणाऱ्या मापाचा एक चांगला होल्डर घेणे शहाणपणाचे. इन्सर्ट बहुधा दहाच्या डब्यात येतात. प्रथम एक-दोन नग वापरून पाहावेत.

टोक जॉबच्या मध्यरेषेवर असावे आणि होल्डर कमीत कमी बाहेर काढावा. इन्सर्टची बैठक पुसून मगच स्क्रू आवळावा. तापलेल्या धारेवर थेंब-थेंब कूलंट सोडल्यास तडे जातात. धार सतत भिजवावी, नाहीतर कोरडेच कापावे. धार जॉबला टेकलेली असताना लेथ बंद करू नये. कोपरे बहुधा तेव्हाच तुटतात. डोळ्यांवर गॉगल हवाच.

झिजलेले इन्सर्ट फेकू नयेत. जगातील टंगस्टनचे बहुतांश उत्पादन चीनमध्ये होते आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या देशाने या धातूच्या निर्यातीवर परवान्याचे निर्बंध घातले. कार्बाइडच्या भंगाराला लोखंडापेक्षा कितीतरी अधिक भाव मिळतो. त्यासाठी वेगळा डबा ठेवावा. हायस्पीड स्टीलची जुनी टूलेही जपून ठेवावीत. चौकोनी जॉब गोल करताना बसणारे धक्के आणि खास आकाराची कामे यांत आजही तीच उपयोगी पडतात.