खाकी उतरली, चाक हाती राहिले



आपल्या ब्लॅकटाउनच्या हद्दीत, ईस्टर्न क्रीक येथे एम-४ आणि एम-७ हे दोन हमरस्ते एकमेकांना मिळतात. डिसेंबर २००५ मध्ये खुल्या झालेल्या या जोडाला 'लाइट हॉर्स' या ऑस्ट्रेलियन घोडेस्वार सैनिकांचे नाव दिले आहे. त्यावरून रात्रंदिवस ट्रक धावतात. सैनिक आणि ट्रक यांचे नाते मात्र या रस्त्याहून पुष्कळ जुने आहे, आणि ते जसे येथे आहे तसेच आपल्या महाराष्ट्रातही आहे. त्याविषयी थोडे सांगावे असे आम्हाला वाटले.

दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाचे सुमारे १० लाख लोक सैन्यसेवेत होते. फेब्रुवारी १९४२ मध्ये डार्विनवर बाँब पडले, तेव्हा उत्तरेकडे सलग आगगाडी नव्हती. ॲलिस स्प्रिंग्जला रूळ संपत. तेथून पुढे सुमारे हजार किलोमीटर रसद लष्करी ट्रकांनी वाहिली. या धुळीच्या वाटेवर कितीतरी तरुण पक्के चालक झाले. युद्ध संपल्यावर सरकारने जास्तीचे ट्रक विकायला काढले. 'ब्लिट्झ' नावाने ओळखली जाणारी ती बोजड गाडी शेतकरी, लाकूडवाले आणि छोटे कंत्राटदार यांनी घेतली. १९४४ पासून परतणाऱ्या सैनिकांना सरकारी खर्चाने धंदेशिक्षण मिळू लागले, तर १९४५ च्या कायद्याने सात वर्षे नोकरीत अग्रक्रम दिला.

म्हणजे हात होता, गाडी होती, सरकारचा आधारही होता. अडचण रस्त्याची होती! न्यू साउथ वेल्समध्ये रेल्वेचे उत्पन्न बुडू नये म्हणून १९३१ च्या कायद्याने लांब पल्ल्याच्या मालट्रकांवर भारी आकार बसवला होता. १९५४ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने राज्याराज्यांमधील वाहतुकीपुरता तो जाच घटनाबाह्य ठरवला, आणि मगच सिडनी-मेलबर्न मार्गावर ट्रकधंदा खऱ्या अर्थाने फोफावला. युद्ध संपून तोवर नऊ वर्षे झाली होती.

आता आपल्याकडे पाहू. १९३९ मध्ये हिंदी फौजेचा बराचसा भार खेचरांवर आणि घोड्यांवर होता. १९४५ पर्यंत फौज २५ लाखांवर गेली आणि ती मोटारींवर चालू लागली. ज्या हातांनी फक्त बैलांचा कासरा धरला होता, त्यांनी स्टिअरिंग धरले. परत आल्यावर बाजारात 'डिस्पोजल'चे लष्करी ट्रक होतेच. पण १९३९ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे भाड्याने माल न्यायचा तर परमिट हवे, आणि परमिट सढळ हाताने न देण्यामागे इथल्यासारखीच रेल्वेची काळजी होती. दोन देश, एकच कुलूप!

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) मार्गावर पहिली एस.टी. धावली. चालकाचा गणवेश खाकी, पगार सरकारी. लष्करातून आलेल्या माणसाला एक खाकी उतरवून दुसरी चढवण्याची सोय झाली. पुढे सरकारी भरतीत माजी सैनिकांसाठी राखीव जागा आल्या, आणि कोल इंडियाच्या खाणींतला कोळसा वाहण्यासाठी माजी सैनिकांच्या वाहतूक कंपन्याही उभ्या राहिल्या. गरजही तशीच होती. भारतीय जवान बहुधा चाळिशीच्या आतबाहेर निवृत्त होतो. मुले शाळेत असतात, घर अर्धे बांधलेले असते. फौजेतल्या एम.टी. ड्रायव्हरला तेव्हा दुसरे आयुष्य सुरू करावे लागते.

हे सांगण्याचे कारण असे. "फौजेत होते, आणि आता ट्रक चालवतात," असे वाक्य आपल्या बैठकींत कधीकधी हळहळीच्या सुरात ऐकू येते. तो सूर आम्हाला पटत नाही. वेळेवर निघणे, गाडी स्वतः तपासणे, रात्रभर जागे राहून दुसऱ्याचा माल जपणे ही फौजेचीच शिस्त आहे. वरचा इतिहास पाहिला तर माणसाचे कसब कधीच कमी पडलेले दिसत नाही. अडते ते परवान्याशी. भारतातला लष्करी परवाना येथे चालत नाही. आधी मोटारीचा, मग रिजिडचा, मग सेमी-ट्रेलरचा आणि शेवटी बी-डबलचा, अशा पायऱ्या चढाव्या लागतात. वीस वर्षे डोंगरात तीनटनी चालवलेल्या माणसाला पुन्हा शिकाऊ व्हावे लागते, आणि त्या काळात घर चालवायचे असते. अशा वेळी शेजाऱ्याने सरावाला सोबत करावी, इंग्रजी फॉर्म भरून द्यावा. एवढे आपल्या हाती नक्कीच आहे.

आणखी एक विनंती. ज्यांच्या घरी वडील, काका, आजोबा लष्करात चालक होते, त्यांनी त्यांचे डिस्चार्ज बुक आणि जुना परवाना जपून ठेवावा. ते कुठल्या रस्त्यांवर, कुठल्या गाड्या चालवत होते, हे विचारून वहीत लिहून ठेवावे. लढलेल्यांची नावे शिळांवर कोरली जातात. रसद पोचवणाऱ्यांची आठवण घरच्यांनीच ठेवायची असते.