‘कोपरगाव’मधले ‘गाव’ आले कुठून?

१/ गोदाकाठच्या कोपरगावाच्या नावातील ‘गाव’ आज प्रत्ययासारखे भासते. मालेगाव, जळगाव, नांदगाव, सर्वत्र तेच. मुळात मात्र हा स्वतंत्र शब्द आहे : संस्कृत ‘ग्राम’.

२/ प्राकृतात ‘ग्राम’चे ‘गाम’ झाले. पुढे दोन स्वरांमधला ‘म’ शिथिल होऊन त्याचा ‘व’ झाला व नासिक्य अंश आधीच्या स्वरात उतरला : ‘गांव’. ‘नाम’चे ‘नांव’ झाले तेही याच नियमाने.

३/ याच जिल्ह्यातील संगमनेरचे ‘नेर’ म्हणजे ‘नगर’. मधली पायरी ‘णयर’. कोपरगावाशेजारच्या कोकमठाणातील ‘ठाण’ हे ‘स्थान’चे प्राकृत रूप.

४/ स्लाव्ह भाषांचे अभ्यासक रशियन ‘नोव्हगोरोद’मधील ‘गोरोद’ आणि सर्बियन ‘बेओग्राद’मधील ‘ग्राद’ यांची तुलना करून ‘गोर्द’ हे मूळ रूप अनुमानाने सिद्ध करतात; कारण त्या आद्य भाषेचा एकही लेख उपलब्ध नाही. मराठीच्या पूर्वज भाषा मात्र लिखित स्वरूपात हाती आहेत.

५/ १९६२च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार वगळले आणि ‘कोपरगांव’चे ‘कोपरगाव’ झाले. जुन्या कागदांवरील ते टिंब म्हणजे लेखनदोष नव्हे. ‘ग्राम’मधल्या ‘म’ची ती अखेरची खूण होय.