रूडी व्हॅन गेल्डर : ध्वनिमुद्रकाची आठवण

इतिहासाची साधनं म्हटली की आपल्याला ताम्रपट, बखरी, जुनी दप्तरं आठवतात. बखर हाती आली की आपण पहिला प्रश्न विचारतो, ही लिहिली कुणी? ध्वनिमुद्रिका ऐकताना मात्र हा प्रश्न आपल्याला सुचत नाही. वादक वाजवतो, आपण ऐकतो; मधे कुणी आहे असं वाटतच नाही. आज आपण त्या मधल्या माणसाची आठवण काढणार आहोत. त्यांचं नाव रूडी व्हॅन गेल्डर.

१९२४ साली अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या जर्सी सिटीत त्यांचा जन्म झाला. शिक्षण डोळे तपासण्याचं, आणि अनेक वर्षं व्यवसायही तोच. लोकांच्या चष्म्याचे नंबर काढायचे, आणि मिळालेले पैसे मायक्रोफोन आणि टेपयंत्रांत घालायचे. हॅकेनसॅक गावी आईवडिलांनी घर बांधलं, तेव्हा दिवाणखान्याला लागून यंत्रांची एक खोली काढली आणि मधे काच बसवली. झाला स्टुडिओ! पन्नाशीच्या दशकात जॅझमधली मोठमोठी माणसं या दिवाणखान्यात येऊन वाजवून गेली. १९५६ साली माइल्स डेव्हिस यांच्या पंचकाने अवघ्या दोन दिवसांत, ११ मे आणि २६ ऑक्टोबरला, चार एलपी भरतील एवढं संगीत इथेच मुद्रित केलं. थेलोनियस मंक यांच्या एका रचनेचं नावच ‘हॅकेनसॅक’ आहे.

या कामामागे ब्लू नोट कंपनीचे आल्फ्रेड लायन यांचाही वाटा होता. बर्लिनमधून आलेल्या या ज्यू गृहस्थांनी १९३९ साली ही कंपनी काढली. तालमीचेही पैसे वादकांना द्यायचे, हा त्यांचा शिरस्ता. आपल्याला कसा नाद हवा हे लायन जाणत होते, आणि तो टेपवर कसा उतरवायचा हे व्हॅन गेल्डर.

१९५९ मध्ये त्यांनी डोळे तपासणं सोडलं आणि एंगलवुड क्लिफ्स इथे नवा स्टुडिओ उभारला. लाकडी कमानी, सुमारे ३९ फूट उंच छत; आत शिरलं की प्रार्थनामंदिरात आल्यासारखं वाटे, असं लोक सांगत. शिस्तही तशीच कडक. यंत्रांना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, आणि ते स्वतः हातमोजे घालून मायक्रोफोन हाताळत.

आता हे काम किती अवघड होतं बघा. त्या काळी पुष्कळदा ध्वनिमुद्रण थेट दोन ट्रॅकच्या टेपवर होई. म्हणजे ड्रम किती पुढे, पियानो किती मागे, हे वादन चालू असतानाच ठरवायचं. नंतर वेगळं करून सुधारायची सोय नाही. वादक त्या क्षणी सुचेल ते वाजवतो, आणि काचेपलीकडचा माणूसही त्याच क्षणी निर्णय घेत असतो.

इथे एक गंभीर आक्षेप येतो. चार्ल्स मिंगस यांचं म्हणणं असं, की हा माणूस वादकाचा मूळ नादच बदलतो. म्हणून ते त्यांच्याकडे जायचं टाळत. पियानो काहीसा डबीत कोंडल्यासारखा येतो, अशी तक्रार आजही जाणकार करतात. आम्हांला ही तक्रार खरी वाटते. मग या मुद्रिका खोट्या म्हणायच्या का?

आम्हांला तसं वाटत नाही. सभागृहात पहिल्या रांगेत एक नाद पोचतो, शेवटच्या रांगेत दुसरा. कुठूनच न ऐकलेला ‘शुद्ध’ नाद, अशी वस्तूच नाही. भिंगाशिवाय ज्याला दिसत नाही, त्याने भिंगाला दोष द्यावा. पण भिंग बाजूला ठेवलं तर हाती काय उरतं? जॉन कोल्ट्रेन १९६७ साली, चाळिशीतच गेले. त्यांना समोर बसून ऐकणं आपल्या नशिबी नव्हतं. आपल्यापर्यंत आलेले कोल्ट्रेन बऱ्याच अंशी याच मायक्रोफोनमधून आलेले आहेत.

आणि बखरकाराने सही मात्र केली आहे! तबकडीच्या शेवटी, जिथे संगीत संपतं तिथल्या गुळगुळीत पट्टीवर ‘आरव्हीजी’ किंवा ‘व्हॅन गेल्डर’ अशी खूण असे. तबकडीचा मूळ साचाही आपणच कापला, याची ती ग्वाही. मात्र कोणता मायक्रोफोन कुठे ठेवला, हे त्यांनी शेवटपर्यंत गुपित ठेवलं. अभ्यासक म्हणून आम्हांला हे खटकतं. लेखक कळला, पण त्याची रीत कळली नाही. पुढे सीडी आल्यावर जुन्या तबकडीच्या मोहात न अडकता त्यांनी नवं तंत्र आपलंसं केलं आणि १९९९ पासून आपल्या जुन्या टेपांना पुन्हा हात घातला. २०१६ साली, एक्क्याण्णव्या वर्षी, ते गेले.

आज घरी गेल्यावर एवढं करा. कोल्ट्रेन यांची ‘अ लव्ह सुप्रीम’ लावा. ९ डिसेंबर १९६४ला एंगलवुड क्लिफ्समध्ये मुद्रित झालेली. सुरुवातीला जिमी गॅरिसन यांचा बास चार स्वरांचा तुकडा घोळवतो. एल्विन जोन्स यांची झांज त्या बासपासून किती दूर आहे, याकडे कान द्या. ते अंतर कुणीतरी ठरवलेलं आहे. त्या माणसाचं नाव आता आपल्याला माहीत आहे.