दप्तर किती काळ जपावे?



स्मृतिव्याख्यानासाठी मी आज मुद्दाम एक रुक्ष विषय निवडला आहे. शिक्षणखात्याशी, बँकेशी, देणगीदारांशी होणारा संस्थांचा पत्रव्यवहार आता बहुतांशी ई-मेलने होतो. आवक-जावक वही त्यामुळे पातळ होत चालली आहे. ही पत्रे किती वर्षे ठेवावीत आणि केव्हा पुसावीत, हे कोणी ठरवावयाचे? प्रश्न नवा वाटतो. पण मराठी मुलखाला तो दोनशे वर्षे तरी परिचित आहे.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि पेशव्यांचे दप्तर इंग्रजांच्या हाती आले. ते त्यांनी जपले, परंतु इतिहासाच्या प्रेमाने नव्हे. कोणते गाव इनाम, कोणती जमीन देवस्थानाची, कोणती सनद कोणाला दिलेली, हे पडताळण्यासाठी त्यांना कागद हवे होते. या इनामचौकशीची सुरुवात १८४३ मध्ये दक्षिण मराठा मुलखात, म्हणजे आपल्या बेळगाव-धारवाडच्या टापूतच झाली. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला पुरते अधिकार मिळाले. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणाऱ्या घरांना विचारणा झाली : सनद दाखवा. खानापूर तालुक्याचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना माळ्यावरच्या कागदाची चार पावसाळ्यांत काय गत होते हे सांगावयास नको. वाळवी, ओल आणि भाऊबंदकी या तिन्हींतून वाचलेला कागद ज्याच्यापाशी होता, त्याची बाजू भक्कम. इतरांच्या डोक्यावर जप्तीची टांगती तलवार. ज्याने सनद जपली नाही त्याचा हक्क खोटा होता असे नव्हे. त्याला तो सिद्ध करता आला नाही, एवढेच.

पुण्याचे ते दप्तर मात्र राहिले. कापडी रुमालांत बांधलेल्या मोडी कागदांचे हजारो गठ्ठे तेथे आहेत. अभ्यासकांना तेथे सहजी प्रवेश नव्हता. अखेर जदुनाथ सरकारांच्या आग्रहामुळे सरकारने मनावर घेतले आणि रियासतकार गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. महसुलासाठी राखलेले कागद शंभर वर्षांनी इतिहासाच्या कामी आले. याउलट राजवाड्यांना वाड्यावाड्यांतून कागद धुंडाळावे लागले. १८९८ साली निघालेला त्यांच्या साधनांचा पहिला खंड अशाच खासगी दप्तरातून उभा राहिला. घराण्यांनी कागद सवयीने ठेवले आणि सवयीनेच गमावलेही. ठेवण्यामागे निर्णय नव्हता, तसा टाकण्यामागेही नव्हता.

सरकारी कचेऱ्यांनी निर्णयाची एक पद्धत बसवली. महाराष्ट्रात ती आजही चालते : ‘अ’ वर्गाचे कागद कायम, ‘ब’ तीस वर्षे, ‘क-१’ दहा, ‘क’ पाच आणि ‘ड’ वर्षभर. कागदाचे वय न पाहता विषय पाहावा, हे तिचे शहाणपण मला मोलाचे वाटते. तिची मर्यादाही आहे. वर्गवारी करणारा कारकून आजची गरज ओळखतो. उद्याचा प्रश्न त्याला कसा कळावा? २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामानिमित्त महाराष्ट्रभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवह्या आणि शाळांची प्रवेशपुस्तके बाहेर निघाली. ती लिहिणाऱ्या मास्तरांच्या ध्यानीमनीही हा उपयोग नसेल. शिवाय मोडी वाचणारे शोधावे लागले. कागद राहिला आणि वाचणारा राहिला नाही, तर तो राहूनही काय उपयोग?

ई-मेलची अडचण नेमकी हीच आहे. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे सातवे कलम सांगते की इलेक्ट्रॉनिक नोंद पुढेही वाचता यावी, ती मूळ स्वरूपात किंवा मूळ मजकूर अचूक दाखवील अशा स्वरूपात असावी आणि ती कोठून निघाली, कोठे गेली, कोणत्या दिवशी व वेळी, हे कळावे. छापून फायलीला लावलेला कागद ही हमी देईलच असे नाही. त्यातून पत्रव्यवहार जर लिपिकाच्या स्वतःच्या खात्यावर चालला असेल, तर तो निवृत्त होताच संस्थेचे दप्तरही त्याच्याबरोबर घरी जाते.

म्हणून सगळेच ठेवावे काय? माझे मत तसे नाही. शिक्षकाच्या आजारपणाचे पत्र, फी-माफीसाठी पालकाने कळवलेली घरची स्थिती, हे कायम जपण्याचे कारण नाही. काम संपल्यावर व्यक्तीची माहिती पुसावी, कायद्यानेच ठेवावयास सांगितली असेल तर गोष्ट वेगळी, असाच २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोख आहे.

सीमाभागातील मराठी शाळांना माझे सुचवणे असे. जागा, मान्यता, अनुदान, माध्यम आणि सभांचे ठराव यांसंबंधीची पत्रे कायम ठेवावीत. सेवेसंबंधीची पत्रे निवृत्तिवेतनाचा निकाल लागेपर्यंत. हिशेबाची कायद्याच्या मुदतीपर्यंत. निमंत्रणे आणि स्मरणपत्रे वर्षभर. मुदत ठरवावयाची ती कार्यकारी मंडळाने ठराव करून, संगणकातील जागा संपली म्हणून नव्हे. आणि पुसताना काय पुसले, कोणत्या ठरावाने, कोणाच्या सहीने, याची यादी करावी. ती यादी ‘अ’ वर्गात धरून जनरल रजिस्टराच्याच कपाटात ठेवावी.