गिरणीचा दरवाजा आणि गावची वाट

मुंबईच्या गिरणी कामगाराचा पगार दोन ठिकाणी ठरत होता. एक ठिकाण म्हणजे गिरणीचा दरवाजा, जिथे रोज सकाळी काम मागणाऱ्यांची गर्दी जमे, आणि दुसरे म्हणजे कोकणातले किंवा घाटावरचे ते गाव, जिथे त्याची बायकामुले राहत आणि जिथली चार गुंठे जमीन त्याने कधी सोडली नाही. बाहेरून येणाऱ्या मजुरांमुळे पगार पडतात आणि संघटनेमुळे ते वाढतात, असे ढोबळ गणित नेहमी मांडले जाते. पण 1850 नंतरच्या शंभर वर्षांत मुंबईत जे घडले ते पाहिले, तर या गणितात गाव आणि दरवाजा या दोन्ही गोष्टी धरल्याशिवाय उत्तर जुळत नाही.

कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची गिरणी ताडदेवला 1856 मध्ये सुरू झाली, आणि शतक संपेपर्यंत शहरात ऐंशीच्या आसपास गिरण्या उभ्या राहिल्या. एवढ्या गिरण्यांना पुरतील इतके हात मुंबई बेटावर नव्हतेच. ते बाहेरून आले, आणि पहिल्या पिढीत सर्वांत जास्त आले ते रत्नागिरी जिल्ह्यातून. खोती पद्धतीत, म्हणजे सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत हा सारा वसूल करणारा मध्यस्थ असलेल्या व्यवस्थेत, तुकड्यातुकड्यांची भातशेती वर्षभर घर चालवू शकत नव्हती, म्हणून घरातला एक तरी पुरुष मुंबईला धाडणे ही तिथे रीतच झाली. 1911 च्या जनगणनेत गिरण्यांतले जवळजवळ निम्मे कामगार रत्नागिरीत जन्मलेले होते. पुढे सातारा, पुणे, कोल्हापूर, नगर या भागांतून आणि उत्तरेतल्या संयुक्त प्रांतातून येणारे वाढले, आणि 1931 पर्यंत रत्नागिरीकरांचा वाटा सुमारे एक चतुर्थांशावर आला.

या माणसाचा पगार एका माणसापुरता होता, कुटुंबापुरता नव्हता. लालबाग-परळच्या चाळीत एकाच गावचे दहा-पंधरा जण मिळून एक गाळा घेत, दिवसपाळीचे आणि रातपाळीचे आळीपाळीने त्याच वळकटीवर पाठ टेकत, आणि जेवण एखाद्या खानावळवालीकडे महिन्याच्या बोलीवर ठरलेले असे. बायको गावी शेत राखी, म्हातारपण गावीच निघे, आजारपणातही माणूस गावीच परते. म्हणजे कामगार घडवण्याचा, वाढवण्याचा आणि थकल्यावर सांभाळण्याचा सारा खर्च गाव उचलत होते, आणि गिरणी फक्त त्याच्या उमेदीच्या वर्षांतल्या श्रमांचे पैसे मोजत होती. मुंबईतले स्वस्त श्रम म्हणून ज्याचे कौतुक झाले, त्यातला मोठा भाग कोकणातल्या बायांच्या बिनपगारी कष्टांचा होता, आणि हा हिशेब कोणत्याही गिरणीच्या वहीत मांडला गेला नाही.

माणसे खूप आली म्हणून पगार आपोआप पडला, असेही नव्हे. गर्दीचा उपयोग करून घेणारी एक यंत्रणा लागते, आणि ती होती जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम. कामावर घेणे, काढणे, रजा देणे, साचा म्हणजे माग कोणता द्यायचा हे ठरवणे, सारे त्याच्या हाती असे, आणि नोकरीसाठी त्याला दस्तुरी म्हणजे लाच द्यावी लागे. दरवाजावर उभ्या राहणाऱ्या बदली कामगारांमधून, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी त्या दिवसापुरते घेतल्या जाणाऱ्यांमधून, तो रोजची भरती करी. बदलीवाल्याला महिन्यातले काही दिवसच काम मिळे, आणि कायम कामगाराला मात्र दरवाजाबाहेरची ती रांग रोज दिसत राही.

ही रांग नाहीशी झाली तर काय होते, याचा पुरावा 1896 च्या प्लेगने दिला. त्या वर्षी सप्टेंबरात मांडवी भागात साथ उघड झाली आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसे शहर सोडून गेली. तोवर गिरण्या पगार महिना संपल्यावर बऱ्याच दिवसांनी देत, त्यामुळे काम सोडणाऱ्याचे पैसे मालकाकडे अडकून पडत. हीच त्याला बांधून ठेवणारी दोरी होती. 1897 च्या सुरुवातीला मात्र उरलेले कामगार रोजच्या रोज रोख मजुरी मागू लागले, आणि नाक्यानाक्यावर गिरण्यांची माणसे मजुरांसाठी एकमेकांवर चढी बोली लावू लागली. रोजचा रोख पगार देऊ नये, असे मालकांनी आपसात ठरवण्याचा प्रयत्नही केला, म्हणजे त्या काळात कामगारांची टिकाऊ संघटना नव्हती, मालकांची मात्र होती. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या बॉम्बे मिलहँड्स असोसिएशनने 1890 मध्ये रविवारची सुट्टी मिळवून दिली, ही मोठीच गोष्ट. पण वर्गणीदार सभासद आणि पगारावर वाटाघाट करण्याची ताकद तिच्याकडे नव्हती. साथ ओसरली, माणसे परतली, आणि बोली थांबली.

पहिल्या महायुद्धानंतर मात्र याच्या उलट दिशेचा अनुभव आला. कामगारांची संख्या वाढत 1922 च्या सुमारास दीड लाखावर गेली, स्थलांतर चालूच राहिले, तरीही पगार वाढले. कारण कापडाला मागणी होती, महागाई असह्य झाली होती आणि 1919 व 1920 च्या सार्वत्रिक संपांनी मालकांना रोजंदार कामगारांना मूळ पगारावर 70 टक्के आणि उक्त्या कामाच्या, म्हणजे मालाच्या मापावर मजुरी मिळणाऱ्या, कामगारांना 80 टक्के भत्ता देणे भाग पाडले. 1925 मध्ये मालकांनी साडेअकरा टक्के कपात पुकारली तेव्हाही संप झाला, आणि सरकारने कापडावरचा साडेतीन टक्क्यांचा अबकारी कर स्थगित केल्यावर ती कपात मागे घेतली गेली.

संघटित झालेल्यांतही सगळ्यांना सारखा दरवाजा नव्हता. साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, पगार सूतखात्यापेक्षा बराच जास्त असे, आणि त्या खात्यात अस्पृश्य मानलेल्या कामगारांना प्रवेश नव्हता. कारण म्हणून सांगितले जाई ते असे: धोट्यातली कांडी संपली की नवी बसवून तिचे सूत धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि एकाच्या तोंडाला लागलेला धोटा दुसऱ्याने तोंडाला लावणे सवर्ण विणकरांना मान्य नव्हते. एवढ्याशा त्या छिद्राने हजारो माणसांचा पगार आयुष्यभर खाली ठेवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 1928 च्या संपाच्या वेळी हा प्रश्न उघडपणे मांडला आणि संपाच्या पुढाऱ्यांना तो टाळता आला नाही. कामगारांच्या एकीची भाषा बोलणाऱ्या चळवळीला याचे उत्तर पुढेही पुरतेपणी देता आले नाही, हे नोंदवलेच पाहिजे.

1928 चा संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. दोनऐवजी तीन साचे एकाच विणकराकडे द्यायचे, कामगार कमी करायचे आणि दर नव्याने बांधायचे, या योजनेविरुद्ध सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले. त्यांना सहा महिने संपफंडाने पोसले नाही. फंड अपुराच होता. त्यांना पोसले गावाने. पावसाळ्यात कोकणच्या आगबोटी बंद होण्यापूर्वीच असंख्य कामगार गावी गेले आणि पेरणीला लागले. ज्या गावामुळे मालकाला अपुरा पगार देऊन भागवता येत होते, त्याच गावामुळे कामगाराला पगाराविना सहा महिने काढता आले, आणि मुंबईच्या संपांना जी लांबी लाभली तिचे मूळ इथे आहे. अर्जुन आळवे, श्रीपाद अमृत डांगे आदींच्या नेतृत्वाखाली मे 1928 मध्ये नोंदलेल्या गिरणी कामगार युनियनचे, म्हणजे लाल बावट्याचे, सभासद काही शेकड्यांवरून वर्षअखेर पन्नास हजारांच्या वर गेले. तिने गिरण्यागिरण्यांत समित्या उभारल्या, आणि त्या समित्या कोणाला काढले, का काढले, हे विचारू लागल्या. जॉबरच्या सत्तेला धक्का बसला तो इथे. पगारवाढीपेक्षाही ही गोष्ट मालकांना जास्त खटकली असावी.

त्यामुळेच पुढचा आघात कठोर होता. शिवडीच्या तेल कंपन्यांतला संप मोडण्यासाठी पठाणांना कामावर घेतले गेले, त्यातून वैर पेटले, मुले पळवण्याच्या अफवा उठल्या आणि फेब्रुवारी 1929 मध्ये शहरात भीषण दंगल झाली. मजुरीचा झगडा धर्माचा झाला. मार्चमध्ये मीरत कटाच्या खटल्यासाठी, म्हणजे सरकारविरुद्ध कट केल्याच्या आरोपावरून, युनियनचे नेते पकडले गेले आणि त्या वर्षीचा संप फसला. बाहेरून आलेला माणूस संपकरी होतो की संप मोडणारा, हे त्याच्या जन्मगावावर ठरत नव्हते. त्याला कोणी आणले, कोणाच्या भरवशावर तो शहरात उभा होता आणि त्याला दुसरी भाकरी कुठे होती, यावर ठरत होते. निम्मी रत्नागिरी ज्या शहरात परकी म्हणून आली, त्या शहराला हे वेगळे सांगण्याची गरज पडू नये.

दरवाजाचा बंदोबस्त त्यानंतर हळूहळू झाला. 1935 मध्ये बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत आली, 1947 च्या औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्याने महिना 30 रुपये किमान मूळ पगार आणि त्यावर निर्देशांकाशी जोडलेला महागाई भत्ता ठरला, आणि जॉबरची मनमानी ओसरत गेली. पण 1946 च्या कायद्याने एका उद्योगात एकाच मान्यताप्राप्त युनियनला वाटाघाटीचा हक्क दिला, आणि 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्यामागे सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले तेव्हा तो हक्क त्यांच्या निवडलेल्या नेत्याकडे नव्हता. या वेळीही माणसे गावी गेली. मात्र गावी आता पूर्वीसारखी शेती उरली नव्हती, चाळीत बायकामुले आलेली होती, आणि मालकांना दरवाजावर नवी रांगही लागत नव्हती, कारण विणकाम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे वळले होते.

भिवंडीच्या यंत्रमागावर मजुरी विणलेल्या कापडाच्या मापावर मिळते, बहुतेक ठिकाणी नोकरीचा कागद नसतो, आणि उत्तर प्रदेशातून, बिहारातून, तेलंगणातून आलेले पुरुष भिस्सीत, म्हणजे तिथल्या खानावळीत, जेवतात, एका खोलीत पाळीपाळीने झोपतात आणि पैसे गावी पाठवतात, जिथे त्यांची शेती त्यांच्या बायका राखतात.