छत्रपती संभाजीनगरमधील औद्योगिक नियंत्रणविद्या आणि केंद्रकीय संमीलन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
१९५५ साली जिनिव्हा येथे अणुऊर्जेच्या शांततामय उपयोगाविषयी भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष डॉ. होमी भाभा यांनी, नियंत्रित संमीलनाची ऊर्जा दोन दशकांत मानवाच्या हाती येईल, असे भाकीत केले होते. ते खरे ठरले नाही. प्लाझ्मा निर्माण करण्याइतकेच तो ताब्यात ठेवणेही कठीण आहे, हे पुढील काळात स्पष्ट झाले. म्हणूनच संमीलनाचा इतिहास हा बऱ्याच अंशी नियंत्रणाचा इतिहास आहे. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे संमीलनयंत्र नाही. तथापि अशा यंत्रास लागणाऱ्या नियंत्रणविद्येशी या शहराच्या कारखानदारीचे नाते काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

औद्योगिक पायाभरणी :
शहरात १८८९ साली कापडगिरणी उभी राहिली असली, तरी आधुनिक अभियांत्रिकी उद्योगाचा पाया स्वातंत्र्योत्तर काळातच घातला गेला. १९६० साली शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली व पुढे चिकलठाणा वसाहत विकसित झाली. १९८५ साली वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाल्यावर सुट्या भागांच्या पुरवठादारांचे जाळे विस्तारले. इंडो जर्मन टूल रूमने साचे व हत्यारे घडविण्याबरोबरच तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी उचलली.

रिलेकडून पीएलसीकडे :
पूर्वी यंत्रांचा क्रम रिलेंनी भरलेल्या पॅनेलद्वारे ठरत असे. उत्पादनाचे मॉडेल बदलले की वायरिंगही बदलावे लागे. या अडचणीतून मार्ग काढण्यासाठी अमेरिकेतील मोटारउद्योगाने मागणी केली व १९६९ साली 'मॉडिकॉन ०८४' हा पीएलसी तयार झाला. त्याची 'लॅडर' भाषा रिलेच्या आकृतीसारखीच असल्याने वायरमन व इलेक्ट्रिशियन यांनाही ती वाचता येऊ लागली. नियंत्रणविद्या केवळ पदवीधरांपुरती मर्यादित न राहता कारखान्याच्या शॉपफ्लोअरवर पोहोचली, ही या बदलाची सामाजिक बाजू होय.

संमीलनयंत्रातील नियंत्रण :
गांधीनगरजवळील प्लाझ्मा संशोधन संस्थेत १९८९ साली 'आदित्य' हे टोकामॅक कार्यान्वित झाले. २००५ साली भारत फ्रान्समधील 'ईटर' प्रकल्पात सहभागी झाला व २००६ साली करारावर स्वाक्षऱ्या झाल्या. सुमारे ३,८५० टनांच्या क्रायोस्टॅटचे भाग लार्सन अँड टुब्रोने हजिरा येथे घडविले. या प्रकल्पात प्रत्येक सहभागी देश आपल्या यंत्रणेसोबत तिचे स्थानिक नियंत्रणही पुरवितो. मंदगती नियंत्रणासाठी तेथे सीमेन्सचे एस-७ पीएलसी प्रमाण मानले आहेत. कारखान्यांत सर्रास दिसणारे हेच कुळ होय. दैनंदिन नियंत्रण, यंत्ररक्षणाचे इंटरलॉक आणि मानवी सुरक्षा असे तीन स्तर मात्र कटाक्षाने वेगळे ठेवलेले आहेत. अतिसंवाहक चुंबकांत ५१ गिगाजूल इतकी ऊर्जा साठणार असल्याने ती आणीबाणीत सुरक्षितपणे बाहेर काढणे अपरिहार्य ठरते.

नेतृत्वाचा प्रश्न :
अशा चमूच्या प्रमुखापुढील प्रश्न जितका तांत्रिक, तितकाच अधिकाराचा असतो. उत्पादन खोळंबू नये म्हणून एखादा लिमिट स्विच 'बायपास' करण्याचा मोह कोणत्याही कारखान्यात होऊ शकतो. तो कोणी करावा, त्याची नोंद कोठे व्हावी आणि तो केव्हा काढला जावा, हे ठरविणे म्हणजेच नेतृत्व. यांत्रिकी, विद्युत व संगणक या तिन्ही शाखांच्या माणसांना एकाच क्रमाने चालविण्याची शिस्त त्यात अभिप्रेत आहे. वाहनउद्योगात ती चुकली तर हात जातो किंवा फेरी वाया जाते. संमीलनयंत्रात मात्र अनेक वर्षांचे श्रम पणाला लागतात.

समारोप :
हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ परिसरात चार किलोमीटर लांबीच्या भुजांच्या 'लायगो-इंडिया' वेधशाळेस २०२३ साली केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. तिच्या निर्वात यंत्रणेची जबाबदारी प्लाझ्मा संशोधन संस्थेकडे आहे. संमीलन संशोधनातून आलेली विद्या अशा रीतीने मराठवाड्याच्या दारी येत आहे. तथापि यंत्रासोबत त्याचा प्रोग्रॅमही बाहेरून कुलूपबंद येत असेल, तर स्थानिक तंत्रज्ञ दुरुस्तीपुरताच उरतो. वाळूज व चिकलठाण्याने कुशल हात घडविले. त्या हातांना निर्णयाचा अधिकार देणारे शिक्षण उभे करणे, हे येथील महाविद्यालये व उद्योग यांच्यापुढील पुढचे कार्य होय.