बुणगे आणि लढवय्ये : पानिपतच्या निमित्ताने एक विचार

‘बाजारबुणगे’ हा शब्द मराठीत आज केवळ शिवी म्हणून उरला आहे. सभेतील प्रतिपक्षास, बिनकामाच्या अनुयायांस, किंबहुना कोणत्याही नकोशा गर्दीस तो बेधडक लावला जातो. या शब्दाचा मूळ संबंध सैन्याच्या छावणीशी आहे, आणि त्याला आलेली तुच्छता ही आपल्या इतिहासलेखनानेच त्याला दिलेली देणगी आहे, ही गोष्ट मात्र सहसा ध्यानात येत नाही. तलवार चालविणारा आणि त्या तलवारवाल्याच्या घोड्यास दाणा-पाणी पुरविणारा, यांपैकी अधिक आदरास पात्र कोण, हा प्रश्न केवळ नीतिशास्त्राचा नाही. मराठ्यांच्या इतिहासात त्याला फार कडू असे व्यावहारिक उत्तर मिळालेले आहे.

पानिपतच्या पराभवाची कारणे सांगताना बुणग्यांचा उल्लेख केला नाही, असा लेखक विरळा. कुटुंबकबिला, यात्रेकरू, बाजार, नोकरचाकर असा अवाढव्य पसारा बरोबर घेऊन भाऊसाहेब उत्तरेत गेले, त्या पसाऱ्याने अन्न खाल्ले, हालचाल मंदावली आणि शेवटी घात झाला, अशी ही मांडणी आहे. तीत तथ्य नाही असे नव्हे. जड सामान व बायकामुले मागे सुरक्षित ठिकाणी ठेवावी, असा सल्ला सूरजमल जाटाने दिल्याचे सांगतात, आणि तो मानला असता तर बरे झाले असते हे उघड आहे. परंतु काशी-प्रयागच्या आशेने निघालेला यात्रेकरू आणि सैन्याचा नालबंद, पखालजी, बैलवाला, दाणेवाला या सर्वांना ‘बुणगे’ या एकाच पोत्यात कोंबले की विचारात घोटाळा झालाच म्हणून समजावे. पहिला सैन्यास भार होता. दुसऱ्यावाचून सैन्य दोन दिवस उभे राहिले नसते. ज्या लेखनात हा भेद पुसला जातो, तेथे ‘बुणगे’ या शब्दाने कारणाचे विवेचन होत नाही, केवळ जबाबदारी खालच्या माणसावर ढकलली जाते.

शिवकालात हा भेद पुसलेला नव्हता. सभासदाने १६९४च्या सुमारास पागेची जी रचना लिहून ठेवली आहे, तीत पंचवीस बारगिरांस एक हवालदार सांगितला आहे, आणि त्याच पथकाच्या मोजणीत पखालजी व नालबंद हेही सांगितले आहेत. पाणी वाहणारा आणि नाल ठोकणारा हे दोघे येथे पथकाचे घटक आहेत. पथकाच्या मागून येणारी गर्दी नव्हेत. चिपळूणजवळ पावसाळी छावणीस राहिलेल्या जुमलेदारांस महाराजांनी पाठविलेले पत्र प्रसिद्धच आहे. त्यात रणांगणाचे नावही नाही. दाणा-गवत जपून वापरा, ते आताच संपविले तर पुढे घोडी मरतील आणि लोक रयतेच्या घरात शिरून दाणा ओढू लागतील, गवताजवळ चुली पेटवू नका, दिव्याची वात उंदीर ओढून नेईल, अशा बारीकसारीक सूचना आहेत. छत्रपतीने उंदराची काळजी करावी, हे काही भावुक वाचकांस कौतुकाचे वाटते. मला त्यात कौतुकापेक्षा राज्यशास्त्र अधिक दिसते. ज्या राजाला रसदेचे मोल कळते, त्याच्या लेखी रसद राखणाराही मोलाचा असतो.

आता १७६०च्या अखेरीच्या पानिपतकडे वळू. ऑक्टोबरात कुंजपुरा घेतला तेव्हा तेथील साठा हाती लागला होता. पण त्याच महिन्यात अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून आला आणि दिल्लीकडील वाट तुटली. पुढील अडीच महिने हे युद्ध खरे म्हणजे दाण्या-चाऱ्याचे युद्ध होते. यमुनेपलीकडील रोहिल्यांच्या मुलखातून नजीबखानाच्या व्यवस्थेने अब्दालीस धान्य येत राहिले. ती वाट मोडण्याचे व पैसा पुरविण्याचे काम भाऊसाहेबांनी गोविंदपंत बुंदेल्यांवर सोपविले. पंत साठी उलटलेले, जन्मभर महसुलाचा कारभार केलेले गृहस्थ. डिसेंबर १७६०त अफगाणांनी त्यांना अचानक गाठून ठार केले व त्यांचे शिर भाऊंकडे धाडले. दिल्लीहून नारो शंकरांनी पाठविलेल्या खजिन्यापैकी एक तुकडी रात्रीच्या अंधारात वाट चुकून थेट शत्रूच्या गोटात शिरली आणि कापली गेली. गोविंदपंतांवर राजवाड्यांनी पुढे अत्यंत कठोर टीका केली. त्या टीकेचा खरेखोटेपणा हा स्वतंत्र विषय आहे. परंतु कारकुनी पेशाच्या वृद्धास घोड्यावर बसवून शत्रूच्या रसदेवर पाठवायचे आणि तो पडल्यावर त्यास सेनानीच्या मापाने मोजायचे, हा न्याय चमत्कारिक आहे.

याहूनही बोलका प्रसंग काशीराज पंडिताने नमूद केला आहे. हा शुजाउद्दौल्याच्या पदरी असून त्या वेळी अब्दालीच्या बाजूच्या छावणीत हजर होता. उपासमार असह्य झाल्याने मराठ्यांच्या छावणीतील सुमारे २०,००० बिनलढाऊ लोक एका रात्री खंदकाबाहेर पडून लाकूडफाटा आणण्यासाठी रानात गेले. शहापसंदखानाच्या ५,००० स्वारांनी त्यांना घेरून त्यांची कत्तल केली, आणि छावणीतून त्यांच्या मदतीस कोणी आले नाही, असे तो लिहितो. आकडा फुगविलेला असणे संभवते. त्या काळच्या आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. पण तो एकदशांश मानला, तरी एका रात्रीत दोन हजार माणसे कहीवर असता मेली असा अर्थ होतो. १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासराव कोठे पडले, इब्राहिमखान गारदी कसा लढला, जनकोजींचे काय झाले, यांवर आपल्याकडे पानेच्या पाने खर्ची पडली आहेत, आणि ते योग्यच आहे. या रानातील रात्रीस मात्र आपल्या ग्रंथांतून एखाद्या ओळीपलीकडे जागा मिळत नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. लढवय्या हा मृत्यूस जाणूनबुजून सामोरा जातो, आज्ञेने जागेवर उभा राहतो. पखालजीस पळण्याची मुभा असते. तेव्हा अधिक मान लढवय्यास मिळणे रास्त आहे. विशिष्ट कृत्यातील शौर्यास मान द्यावा, हे निर्विवाद. इब्राहिमखानाच्या पलटणींनी शेवटपर्यंत जे केले, त्याची बरोबरी लाकूडफाट्याशी करणे वेडेपणाचे होईल. परंतु हा मान कृत्यास आहे, वर्गास नाही. त्याच दिवशी पळ काढणारे नामांकित सरदारही लढवय्येच होते. आणि खंदकाबाहेर अफगाण स्वार फिरत आहेत हे ठाऊक असता, हातात शस्त्र नसता, रात्री रानात जाणारा माणूस मृत्यूस सामोरा जात नव्हता, असे कोणत्या तोंडाने म्हणावे? फरक इतकाच, की एकाच्या मरणाची नोंद ठेवण्याची पद्धत होती, दुसऱ्याच्या नव्हती.

मराठ्यांचे प्रतिस्पर्धी या बाबतीत अधिक उदार होते असे मात्र समजू नये; ते अधिक हिशेबी होते. १८०३त आसई, अडगाव, गाविलगड या मोहिमा करणाऱ्या आर्थर वेलस्लीचा पत्रव्यवहार पाहिला, तर बैल, तांदूळ आणि वंजाऱ्यांचे तांडे यांनी तो भरलेला आढळतो. टिपूच्या पाडावानंतर हाती आलेल्या म्हैसूरच्या अमृतमहाल बैलांचे महत्त्व त्याने नेमके ओळखले होते. तांड्याचा दाणा वेळेवर आला पाहिजे, एवढीच त्याची दृष्टी. तांडेवाल्याच्या प्रतिष्ठेशी त्यास कर्तव्य नव्हते. पहिल्या महायुद्धात हीच हिशेबी दृष्टी मोठ्या प्रमाणावर दिसते. १९१९च्या अखेरपर्यंत हिंदुस्थानने दिलेल्या हिंदी माणसांत ८,७७,०६८ लढाऊ आणि ५,६३,३६९ बिनलढाऊ होते, म्हणजे पाचांत जवळजवळ दोन. या बिनलढाऊंतही श्रेष्ठ आणि कनिष्ठ असे वर्ग होते. खेचरवाले, जखमी उचलणारे डोलीवाले यांची भरती अपुरी पडू लागली, तेव्हा १९१७त त्यांच्या वेतन-सवलती शिपायांच्या जवळ आणण्यात आल्या. भिस्ती व झाडूवाले मात्र खालच्या वर्गातच राहिले.